ज्वारीच्या दाण्याएवढा चंद्र

शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता आपण सगळ्यांनीच पाहिलाय. सूर्याला खेटून बुध, त्याला खेटून शुक्र, मग पृथ्वी. एसटीच्या बाकावर दाटीवाटीने बसल्यासारखे. त्या तक्त्यात ग्रहांचे आकार एका मापाने काढलेले असतात आणि अंतरं भलत्याच मापाने. विश्वात आपली जागा कुठे, हा प्रश्न तिथेच बिघडतो. आकार आणि अंतर दोन्हींना एकच माप लावायचं आणि मग बघायचं. सोलापुरात हे एका सकाळी होण्यासारखं काम आहे.

माप असं: जमिनीवरचा १ मीटर म्हणजे अवकाशातले दहा लाख किलोमीटर.

सूर्य चादरीचा करा. दीड मीटर रुंदीची जुनी सोलापुरी चादर घ्या, मध्यावर दाभण टोचा, ७० सेंटिमीटर दोऱ्याने वर्तुळ आखा आणि कापा. ही १.४ मीटरची चकती पुठ्ठ्यावर ताणून उभी करायची. नुसती टांगली तर वाऱ्याने दुमडते आणि पुढचं सगळं निरीक्षण वाया जातं.

पृथ्वी १२.७ मिलिमीटरची. शाडूची गोळी वळा, पण वाळताना शाडू आकसतो, म्हणून ओली असताना साडेतेरा मिलिमीटरची ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. चंद्राला ज्वारी. मालदांडीचे दहा दाणे पट्टीला लावून ओळीत ठेवा. ३५ मिलिमीटर भरले तर माप जमलं. टपोऱ्या ज्वारीचे चाळीसच्या वर जातात, मग त्यातला बारका दाणा निवडायचा. बुधाला तुरीचा अख्खा बारीक दाणा, मंगळाला वाळलेला वाटाणा, शुक्राला पृथ्वीपेक्षा किंचित लहान गोळी. सगळे दाणे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फेविकॉलने चिकटवा आणि शेजारी झेंडी रोवा. झेंडी नसेल तर पन्नास पावलांवरून परतताना आपलाच ग्रह सापडत नाही.

होम मैदानासारखी मोकळी जागा बघून सूर्य उभा करा. तिथून बुध ५८ मीटरवर, शुक्र १०८, पृथ्वी १५०, मंगळ २२८. अंतर पावलांनी मोजू नका, दर माणशी पाऊल बदलतं. ३० मीटरचा फितीचा टेप घ्या आणि प्रत्येक वेळी ताणून धरा. झोळ पडला की अंतर चुकतं.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: पृथ्वीची गोळी. ज्वारीचा दाणा टाचणीच्या टोकावर चिकटवून गोळीपासून सूर्याच्या दिशेने ३६ सेंटिमीटरवर खोचा (चंद्राचं सरासरी अंतर ३८ भरतं, पण तो जवळ येतो तेव्हा ३६). डोळा गोळीजवळ आणा, दुसरा मिटा, आणि दाण्याच्या रोखाने चादरीच्या सूर्याकडे बघा. दीडशे मीटरवरची १.४ मीटरची चकती साडेतीन मिलिमीटरच्या दाण्यामागे अख्खी जाते. हेच खग्रास सूर्यग्रहण. सूर्य चंद्राच्या चारशेपट मोठा आणि जवळजवळ चारशेपट दूर, हे वाक्य पाठ असतं. दाण्याने चादर झाकताना ते पटतं. कड दिसत राहिली तर आधी अंतर तपासा: दाणा ४० सेंटिमीटरवर गेला की कंकणाकृती ग्रहण होतं. आकाशातही असंच घडतं, चंद्र कधी जवळ कधी लांब असल्यामुळे.

माणूस स्वतः जास्तीत जास्त गेलाय तो या ज्वारीच्या दाण्यापर्यंत, म्हणजे हातभरसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक गोळीपासून ०.४ मिलिमीटरवर. अवकाशाची सीमा मानतात ती १०० किलोमीटरची उंची वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी. आपला पाऊस, आपला श्वास, सोलापूरचं बेचाळीस अंशांचं ऊन, सगळं त्या कागदाच्या जाडीत.

मंगळानंतर मैदान संपतं. गुरू १४ सेंटिमीटरचा, ७७८ मीटरवर. शनी १२ सेंटिमीटरचा, भोवती २७ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची कडी, १.४ किलोमीटरवर. युरेनस आणि नेपच्यून दोन लिंबं, पहिलं २.९ आणि दुसरं ४.५ किलोमीटरवर. ही अंतरं रस्त्याने मोजायची नाहीत, नकाशावर हवाई अंतर घ्यायचं.

या मांडणीत प्रकाश सेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, शाळेच्या पट्टीएवढं. घड्याळ हातात घेऊन सूर्यापासून सेकंदाला एक पट्टी या चालीने निघालं तर पृथ्वीपाशी पोचायला सव्वाआठ मिनिटं लागतात. साधं चालणारा माणूस इथे प्रकाशाच्या चौपट वेगाने जातो, म्हणून मुलं कंटाळून पुढे पळतात. त्यांना पळू देऊ नका. या संथपणात सगळी गोष्ट आहे. १९७७ साली निघालेलं नासाचं व्हॉयेजर १ हे यान या मापाने दिवसाला दीड मीटर सरकतं. ते आज सुमारे २५ किलोमीटरवर आहे, अक्कलकोटच्या वाटेवर निम्म्याच्या पुढे, पण अक्कलकोट अजून लांबच.

पुढचा तारा? प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात जातो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), म्हणजे आपल्या मापाने ४०,१०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०७५. सोलापुरातून निघून अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून परत सोलापुरात यायचं, एवढ्या वाटेत दुसरी चादर नाही. मला आपल्या छोटेपणापेक्षा हा रितेपणा जास्त मोठा वाटतो. आणि गोळीवर बसूनच हे अंतर मोजलं गेलं, याचं अप्रूप त्याहून जास्त. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडच्या बाजूला जाते, म्हणजे मांडणीत ३०० मीटर सरकते. तेवढ्याने जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं असं अंतर काढलं. आपल्या मापाने तो लाख किलोमीटरपलीकडे आहे.

आकाशगंगेसाठी हे माप पुरत नाही. नेपच्यूनची अख्खी कक्षा खसखशीच्या एका मिलिमीटरच्या दाण्यात कोंबा. मग एक प्रकाशवर्ष साधारण एक मीटर होतं. शेजारचा तारा साडेचार मीटरवर, आकाशगंगेचं केंद्र २७ किलोमीटरवर आणि तिचा पसारा शंभरेक किलोमीटरचा. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा पसारा, मात्र २,६०० किलोमीटरवर, भारताच्या बाहेर.

तीच देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते. नोव्हेंबरच्या मध्यात, चंद्र नसलेल्या रात्री, नान्नजच्या बाजूला गावाबाहेरच्या माळावर जा (तिथल्या माळढोक अभयारण्यात रात्री शिरू नका). मोबाईल खिशात ठेवून निदान २० मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान जवळजवळ डोक्यावर न्यायची. फिकट, लांबट ठिपका रोखून पाहिला की नाहीसा होतो. नजर थोडी बाजूला ठेवली की परत येतो. तो प्रकाश तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली.