मालगुजाराचा वाडा आणि मल्याळम सिनेमातले स्वयंपाकघर

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, एक वाडा अजून उभा आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाला, धानाच्या बांध्या वाटण्यांत विरल्या; तरी ओसरीवरची बंगई आणि तिच्यावर बसून पाणी मागणारा आवाज यांत फारसा फरक पडला नाही. म्हणूनच अडूर गोपालकृष्णन यांचा १९८१ चा मल्याळम चित्रपट ‘एलिप्पत्तायम’, म्हणजे उंदराचा पिंजरा, पाहताना मला उपशीर्षकांची फारशी गरज भासली नाही.

केरळात १ जानेवारी १९७० पासून जमीनदारी कायद्याने संपली आणि कूळ जमिनीचा मालक झाला. पुढे १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीही मोडीत निघाली. या चित्रपटातला उण्णी मात्र जुन्या घरातच अडकून पडलेला आहे. अंगणात गाय शिरली तर तिला हाकलायला तो बहिणीला हाक मारतो आणि वाटेत डबके लागले म्हणून अर्ध्यातून घरी परततो. राबणारी बहीण राजम्मा अखेर आजारी पडते, तेव्हा कुठे त्या घराचा कणा कोण होता ते कळते. दिग्दर्शक भाषण देत नाही. कोण उठते आणि कोण बसून राहते, एवढेच दाखवतो.

चाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये, जिओ बेबी यांनी ‘द ग्रेट इंडियन किचन’ काढला. घर बदलले, गॅस आला, नवरा शिक्षक आहे. पण सासऱ्याला भात चुलीवरचाच लागतो आणि मोरीची गळती दुरुस्त करायला कोणाला सवड नसते. फरक इतकाच की राजम्माला उचलून न्यावे लागले होते आणि ही सून स्वतःच्या पायांनी बाहेर पडते. केरळातला बदल मला साक्षरतेच्या आकड्यांपेक्षा या दोन बायकांमध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

हा दुसरा चित्रपट मी मोठ्या आईला मोबाइलवर दाखवला. तिला मल्याळमही येत नाही आणि इंग्रजीही. जेवून उठलेल्या पुरुषांनी टेबलावर टाकलेला मुनग्याच्या शेंगांचा चोथा सून गोळा करते, त्या प्रसंगाला ती म्हणाली, “आपल्याकडं निदान ताटात तरी ठेवतेत.” शेवट मात्र तिचा राहून गेला, कारण मोठ्या बाबांची जेवायची वेळ झाली होती.