किल्ल्याच्या पायथ्याची शाळा

अटलांटिक कॉलेजच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसणाऱ्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांची लेखणी आधी सेंट डोनॅट्सच्या किल्ल्याकडे वळणार, हे उघड आहे. दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावर, लँटविट मेजर या गावाजवळ, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या बागांच्या माथ्यावर बाराव्या शतकापासूनचा किल्ला उभा असेल आणि त्यातच ग्रंथालय आणि जेवणघर असेल, तर नवख्या मुलाचे डोळे दिपणारच. माझेही दिपले होते. तरीही आमची शाळा घडली ती किल्ल्यात नव्हे, तर त्याच्या पायथ्याशी, स्लिपवेवर, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर, असे मला इतक्या वर्षांनंतरही वाटते.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्ट्रॅडलिंग घराण्याकडे तो १७३८ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे होता. १९२५ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने तो विकत घेतला आणि त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. आमच्या सभा ज्या ब्रेडनस्टोक हॉलमध्ये भरत, त्याचे लाकडी छत विल्टशायरमधल्या ब्रेडनस्टोकच्या जुन्या मठातून सोडवून आणलेले आहे, तर जेवणघराचे छत लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावच्या सेंट बोटॉल्फ चर्चमधले आहे. मठाची ही मोडतोड पाहून इंग्लंडमधील वास्तुप्रेमींनी त्या काळी मोठी ओरड केली होती. रोज त्या छताखाली जेवूनही हर्स्टची ही उचलाउचल मला कधी रुचली नाही. एवढे करून तो इथे राहिला, तो सगळे मिळून काही महिनेच.

शाळेची कल्पना कुर्ट हान यांची. जर्मनीतील सालेम येथील शाळेचे हे प्रमुख नाझींच्या विरोधात उघडपणे बोलले, १९३३ मध्ये तुरुंगात गेले आणि सुटका झाल्यावर ब्रिटनमध्ये आले. तिथे त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. १९५५ मध्ये पॅरिसच्या नाटो डिफेन्स कॉलेजमध्ये त्यांनी पाहिले, की काही वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे अधिकारी एका छताखाली शांतपणे शिकत आहेत. हेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. अंतोनिन बेस या दानशूर व्यावसायिकाने किल्ला शाळेला मिळवून दिला आणि सप्टेंबर १९६२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हा सगळे मुलगेच होते; मुली आल्या १९६७ पासून. नावात कॉलेज असले, तरी आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांची ही निवासी शाळा आहे. पुढे युनायटेड वर्ल्ड कॉलेज या नावाने जगभर पसरलेल्या संस्थांपैकी ही पहिली.

पहिले मुख्याध्यापक रिअर ॲडमिरल डेस्मंड होर हे नौदलातले. ब्रिस्टल खाडीच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे. रत्नागिरीच्या दोन-तीन मीटरच्या भरतीवर वाढलेल्या मला, सकाळी पाण्याखाली असलेले खडक दुपारी उघडे पडलेले पाहून पहिल्या आठवड्यात धसकाच बसला होता. अशा पाण्यात शिडाची होडी शिकणाऱ्या मुलांच्या मागे वेगवान बचावनौका हवी होती, आणि हवेने फुगवलेल्या रबरी होड्यांचे कापडी तळ दगडगोट्यांवर घासून फाटत. म्हणून होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळाला प्लायवूड बसवले आणि तिथून प्रयोग करीत करीत खाली टणक सांगाडा, वर फुगवलेली नळी अशी होडी तयार केली. आज तटरक्षकांपासून समुद्रात बुडी मारणाऱ्यांपर्यंत सर्वजण वापरतात ती ‘रिब’ (रिजिड इन्फ्लेटेबल बोट) हीच. होर यांनी तिचे पेटंट १९७३ मध्ये आरएनएलआय या ब्रिटिश जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडात दिले, आणि तो धनादेशही त्यांनी कधी वटवला नाही, असे सांगतात. संस्थेने आपल्या एकवीस फुटी बोटींना ‘अटलांटिक २१’ हे नाव दिले, ते आमच्या शाळेवरूनच.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आम्ही ज्या बोटीवर शिकलो, ती याच जातीची. तिघांनी घोड्यावर बसावे तसे मांड टाकून बसायचे आणि पाय पट्ट्यांत अडकवायचे. मागच्या चौकटीवर एक घडी केलेली पिशवी असे. बोट उलटली तर तिच्यात वायू भरून बोट पुन्हा सुलटी व्हावी, ही तिची योजना. इंजिनेही पाण्यात बुडून वर आल्यावर पुन्हा सुरू होतील अशी. बोट पाण्यातून ओढून काढली, की गोड्या पाण्याने धुऊन, इंधन भरून, पुढच्या हाकेसाठी सज्ज ठेवल्याशिवाय कोणी चहाला वर जात नसे. शाळेत १९६३ पासून आरएनएलआयचे अधिकृत केंद्र होते आणि त्यावरचे दल विद्यार्थ्यांचे होते. मुलींना प्रवेश मिळून दोनच वर्षे झाली असताना, १९६९ मध्ये, एलिझाबेथ होस्टवेट ही अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी अशा बचावनौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेली पहिली महिला झाली. अंगावर जबाबदारी टाकणे म्हणजे काय, हे मला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

अभ्यासाच्या बाबतीतही शाळा अशीच धाडसी होती. ब्रिटनमधली ए-लेव्हल परीक्षा पूर्णपणे सोडून १९७१ मध्ये तिने इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम स्वीकारला; असे करणारी ती जगातली पहिली शाळा. सहा विषय, शिवाय स्वतः निवडलेल्या विषयावरचा दीर्घ निबंध, आणि दुपारी सेवाकार्य. राहण्याची सोय वेगवेगळ्या हाउसमध्ये, एका खोलीत चार देशांची चार मुले. पोहण्याचे तलाव होते, जुन्या धान्यकोठारातले नाट्यगृह होते, आणि गावकऱ्यांनाही तिथले कार्यक्रम पाहता येत.

१९९७ मध्ये पुण्याजवळ मुळशी तालुक्यात महिंद्रा कॉलेज हे युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाल्यावर अशा शिक्षणासाठी मराठी मुलांना परदेशीच जावे लागेल, असे राहिले नाही. इकडे सेंट डोनॅट्सचे बचावकेंद्र पन्नास वर्षांच्या सेवेनंतर २०१३ मध्ये बंद झाले. महोत्सवाच्या संयोजकांना माझी एकच सूचना आहे: पाहुण्यांना आधी बागांमधून थेट खाली स्लिपवेपर्यंत न्यावे, रिबची कथा तिथेच सांगावी, आणि हर्स्टची छते जेवणाच्या वेळी दाखवावीत.