पहिल्या कर्ण्याच्या आधी

माउलींच्या पालखीसोबत चालताना आम्ही तीनला उठतो. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ ते ४८ मिनिटं. वारीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वापाच. तेवढा वेळ मुखात काकड्याचे अभंग हवेत, म्हणून आंघोळ, कपडे, पिशवी सगळं त्याआधी. साडेतीननंतर टँकरपाशी रांग लागते आणि मग काकडा चुकतोच.

नवख्यांचं खरं चुकतं ते रात्री. कीर्तनानंतर गप्पा रंगतात, बारा वाजतात. पुणे ते सासवड ही सुमारे ३२ किलोमीटरची सर्वांत लांब मजल. त्यात दिवे घाट चढताना अपुरी झोप पायात उतरते. दहाला पाठ टेकायची. धुतलेले कपडे उशाशी, ओले वेगळ्या पिशवीत, बॅटरी हाताशी.

गोपीचंदन सहाणेवर पाण्याच्या चार थेंबांत उगाळावं. पाणी जास्त झालं तर ओघळतं, कमी झालं तर सुकून पोपडे निघतात. अंधारात आरसा कुठला? शेजारचा वारकरी बोटाने टिळा ओढतो, वर बुक्का लावतो. आपण त्याच्या पाया पडायचं, तोही आपल्या पडतो. दिवसातलं पहिलं दर्शन हेच.

मग कर्णा, म्हणजे निघायची सूचना देणारं तुतारीसारखं वाद्य. पहिल्याला सामान ट्रकमध्ये, दुसऱ्याला दिंड्या आपापल्या क्रमाने उभ्या, तिसऱ्याला पालखी हलते. पहिल्या कर्ण्याला जो जागा होतो तो दिवसभर धावत राहतो. नाम घ्यायला बसलेलं मन त्याला मिळतच नाही.

भूपाळ्यांत देवाला ऊठ म्हणतात. पण आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. चोवीस तास दर्शन सुरू होतं, यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देवाला निजवायची शेजारती नाही आणि उठवायचा काकडाही नाही. उभं राहून शीण होऊ नये म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात. वाटेवर आमचा काकडा चालूच असतो. तीन वाजता अंग उठत नसेल तेव्हा आम्ही एकमेकांना एवढंच सांगतो: तिकडे तो आपल्यासाठी झोपलेलाच नाही.