नाईलपल्याडच्या एका घरातली भांडणं

इजिप्तमधल्या लक्सरच्या फेरीबोटीतून नाईलच्या पश्चिम काठावर उतरलो तेव्हा जानेवारीतली थंडी कान बधिर करत होती. बोटीतले बहुतेक पर्यटक राजांच्या कबरी बघायला निघाले होते. मला आणि ताईला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, बघायचा होता एक कडा.

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीची ‘डेथ कम्स ॲज दि एंड’ ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली. १९४४ सालची. त्यात ना पॉयरो, ना मिस मार्पल हे तिचे नेहमीचे हेर, ना एकही इंग्रज माणूस. काळ इसवीसनापूर्वी सुमारे २०००, जागा हा नाईलचा पश्चिम काठ. ती वाचल्यापासून इथे यायचं मनात होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. मी साताऱ्याकडची, ऊस दिसला की मला परकं वाटतच नाही. एक म्हातारा गाढवावर हिरव्या चाऱ्याचा भारा लादून चालला होता. काय म्हणतात याला, असं आमच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, “बरसीम.” ताई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. आमच्या गोठ्यात हेच नाव! हा चारा मुळात इजिप्तहून आपल्याकडे आलेला, नावासकट.

हतशेपसूत राणीच्या देवळापाशी गाडी थांबली. देऊळ देखणं आहे यात वाद नाही, पण आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही. उत्तरेकडच्या डोंगरात इपी नावाच्या वजिराची कबर आहे. तिकडे पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून खालूनच बघत उभ्या राहिलो. पिवळसर, उभा तुटलेला खडक आणि त्यात काळी भोकं. १९२१-२२ च्या हंगामात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी हर्बर्ट विनलॉक तिथे उत्खनन करत होता. इपीच्या कबरीच्या आवारातल्याच एका लहानशा कबरीत त्याला पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, घड्या सापडल्या. ती हेकानख्त नावाच्या माणसाची पत्रं आणि हिशेब होते. ख्रिस्तीची कादंबरी याच पत्रांवरून सुचलेली.

हेकानख्त हा इपीचा ‘का’-पुरोहित, म्हणजे त्याच्या आत्म्याची सेवा करणारा. मेलेल्या वजिराच्या नावाने नैवेद्य दाखवायचा आणि त्यासाठी नेमून दिलेल्या जमिनीवर घर चालवायचं. आपल्याकडच्या इनामदार पुजाऱ्यासारखंच. कामानिमित्त तो बाहेरगावी होता आणि तिथून घरच्यांना खरमरीत पत्रं धाडत होता. मला जुनी, सुकलेली जव पाठवता आणि तुम्ही मात्र नवी खाता? अमुक जमीन खंडाने घ्या. घरात कोणाला किती धान्य द्यायचं याची यादीच आहे. धाकटा स्नेफ्रू लाडका, त्याला बैलांकडे बघायचं असेल तर बघू द्या. आणि माझ्या उपपत्नीला त्रास देणाऱ्या सेनेन नावाच्या मोलकरणीला आधी घराबाहेर काढा!

भाषांतराची प्रत मी सोबत नेली होती. एका दगडावर बसून ताईला वाचून दाखवली. ती मधेच म्हणाली, “अगं, हे तर आपल्या आबांचं बोलणं! फक्त जवेच्या जागी शाळू घाल.” खरंच तसं होतं. पायलीपायलीचा हिशेब आणि त्याच्या तळाशी घरातल्या बाईमाणसांची धुसफूस.

ख्रिस्तीने नेमकं हेच ओळखलं. पिरॅमिड, ममी, शाप यांच्या वाटेला न जाता तिने हे शेतकऱ्याचं घर उचललं. तिचा पुरोहित इमहोतेप उत्तरेकडच्या जमिनीवरून नोफ्रेत या तरुण उपपत्नीला घरी आणतो आणि एकत्र कुटुंबाची वीण उसवायला लागते. पहिला मृत्यू होतो तो कड्यावरच्या वाटेवर. समोरच्या डोंगरात एक पायवाट नागमोडी वर जाताना दिसत होती. तिच्याकडे बघून पोटात खड्डा पडला.

प्रकरणांची शीर्षकंही त्या लोकांच्या पंचांगातली: पूर, हिवाळा, उन्हाळा अशा ऋतूंचे महिने आणि दिवस. अस्वानचं मोठं धरण झाल्यापासून तो पूर इथे येत नाही. आता बारमाही पाटाचं पाणी, म्हणून तर एवढा ऊस.

हे लिहायला तिला स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्ततज्ज्ञ मित्राने भरीस घातलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, नवरा मॅक्स मॅलोवन लांब आफ्रिकेत. ती ग्लॅनव्हिलला भंडावून सोडायची: जेवायला काय असायचं, बायका-पुरुष एकत्र बसायचे का, कपडे कशात ठेवायचे? इतक्या बारकाव्यांसाठी झटलेली लेखिका मला फार जवळची वाटते. राजाचं नाव कुठल्याही पुस्तकात मिळतं, पण त्या काळच्या बाईचं लुगडं कुठल्या पेटीत असायचं, ते शोधावं लागतं.

सापडलेल्या पत्रांपैकी एक दोऱ्याने बांधलेलं, वर मातीची मोहोर तशीच. ज्याला लिहिलं त्याच्या हाती ते पडलंच नाही. हे वाचून दाखवल्यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही.

ख्रिस्तीने आत्मचरित्रात एक खंत लिहिली आहे. ग्लॅनव्हिलच्या आग्रहाखातर तिने या कादंबरीच्या शेवटात बदल केला आणि तो तिला कायम सलत राहिला. परत लिहावासा वाटायचा. तिच्या मनातला मूळ शेवट कोणता असेल? परतीच्या बोटीत आम्ही दोघी त्यावरच भांडत होतो. ताईचा संशय एकावर, माझा दुसऱ्यावर. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, तरी आमचं संपेना. शेवटी नावाड्यानेच हाताने खूण करून आम्हाला उतरवलं.