आय-टू-सी ड्रायव्हरचा पॅच आला की मी आधी काय बघतो

लिनक्स कर्नलमधल्या आय-टू-सी कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू असला की मी प्रोब फंक्शन (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हर सुरू करणारं) नंतर वाचतो, आधी थेट टाइमआउटचा, म्हणजे वाट बघायची वेळ संपल्यावरचा, कोड उघडतो. आय-टू-सी म्हणजे चिप एकमेकांशी बोलतात ती, फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलेली बस, डेटा आणि क्लॉक अशा दोनच तारा, त्यामुळे लोकांना वाटतं ह्यात काय चुकणारे, पण खरी परीक्षा समोरची चिप गप्प बसली की होते.

समजा ट्रान्सफर सुरू केला, कम्प्लिशनची (काम झाल्याच्या इशाऱ्याची) वाट बघितली, वेळ संपली आणि फंक्शन एरर देऊन परत गेलं. पण कंट्रोलर थांबवलाच नाही! मग इंटरप्ट (हार्डवेअरचा सिग्नल) उशिरा येतो, तो हाताळणाऱ्या हँडलरकडे जुन्या मेसेजचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तसाच असतो आणि हँडलर बिनधास्त त्या बफरमध्ये (मेसेजच्या डेटाच्या मेमरीत) बाइट लिहितो, जो एव्हाना फ्री झालेला असू शकतो. टेस्टिंगमध्ये हे सहसा दिसत नाही, नंतर कधीतरी भलत्याच ठिकाणी मेमरी खराब झालेली सापडते. म्हणून आधी हार्डवेअर थांबवा, लॉक घेऊन (म्हणजे हँडलर मध्येच शिरणार नाही) पॉइंटर काढून टाका, मगच परत या, ह्यावर मी अडून बसतो.

चिपनं पत्त्याला उत्तर दिलं नाही तर ईएनएक्सआयओ हा एरर कोड द्यायचा, आणि तिथे एरर छापू नका प्लीज, कुठल्या पत्त्यावर चिप आहे ते शोधायला बस स्कॅन करताना असं होणारच, लॉग उगाच भरतो. चिपनं डेटा लाइन खाली धरून ठेवली तर क्लॉकचे ९ पल्स देऊन ती सोडवायची सोय आय-टू-सी कोअरमध्ये (कर्नलमधल्या सामाईक कोडमध्ये) आहे, तीच वापरा. रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना, कंट्रोलरचा क्लॉक आधी बंद होऊन इंटरप्ट नंतर सुटतो का तेही बघा, डेव्हएम (रिसोर्स आपोआप सोडणारी कर्नलची सोय) वापरलं की हा क्रम सहज उलटा होतो.