बोटीत पुढे बसतो तो

नाशिकला या वेळी गेले ती काळारामाच्या दर्शनाला नाही आणि द्राक्षबागा बघायलाही नाही. माझा मामेभाऊ तिथल्या पूर-बचावाच्या स्वयंसेवकांमध्ये आहे. "ताई, जूनमध्ये गंगापूर धरणावर रबरी बोटींचं ट्रेनिंग आहे. तू समुद्राकाठची, एकदा येऊन बघ," असं त्याचं कधीपासून चाललं होतं. मी अलिबागची. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही: बोट असणं वेगळं आणि ती हाकणारी सरावाची माणसं वेळेवर जागेवर असणं वेगळं. ती माणसं तयार कशी होतात हे मला बघायचं होतं.

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे शेअर टॅक्सी. घाटात पहिल्या पावसाने डोंगर नुकते पोपटी व्हायला लागले होते, इगतपुरीला धुकं. नाशिकला उतरल्यावर भावाने आधी मिसळ खायला घातली (सोबत पापड, दही, आणि पोटभर रस्सा), मग गाडी थेट गंगापूर रोडला.

धरण शहराच्या पश्चिमेला, पंधरा-एक किलोमीटरवर. लांबच लांब मातीचा बांध. जूनमध्ये पाणी बरंच खाली गेलेलं असतं, त्यामुळे काठावर भेगाळलेला गाळ आणि मग पाणी. त्या गाळातून बोट खांद्यावर उचलून न्यायची, इथूनच शिकवणी सुरू होते. जमलेल्यांमध्ये एक रिक्षावाले काका, दोन नर्स, कॉलेजची पोरं, धरणात जाळी टाकणारे दोघं आणि सायखेड्याकडचा एक द्राक्ष बागायतदार. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. आवाज कधी चढवत नाहीत, पण कोणाचं लाइफ जॅकेट सैल दिसलं तर काम थांबवून स्वतः बक्कल आवळतात.

अशा छोट्या, हवा भरलेल्या बचाव-बोटींना खरं वळण लागलं ते समुद्राच्या लाटांमध्ये. १९६९ च्या सुमारास सिडनीजवळच्या अ‍ॅव्हलॉन किनाऱ्यावर वॉरन मिचेल नावाच्या स्वयंसेवकाने रबरी बोटीला मागे इंजिन लावून लाटांतून माणसं काढायची पद्धत सुरू केली आणि ती पुढे ऑस्ट्रेलियाभर पसरली. तिथे बोटीत दोघंच. एक मागे इंजिनवर, दुसरा अगदी पुढे. फुटणारी लाट समोर आली की पुढचा आपलं सगळं वजन बोटीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर टाकतो. तो चुकला तर बोट उभी राहते आणि मागे उलटते. म्हणजे अर्धी बोट पुढच्याच्या अंगात असते. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच तासाला हेच सांगितलं. "चालवायला सगळ्यांना हवं असतं. माणूस वाचवतो तो पुढचा. मागचा त्याला फक्त तिथवर नेतो."

सकाळचा बराच वेळ हवा भरण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. तळाच्या फळ्या नीट बसवायच्या, मग एकेक कप्पा फूटपंपाने भरायचा. कप्पे वेगवेगळे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. घट्ट भरलेली बोट उन्हात सोडून जेवायला गेलात तर आतली हवा फुगून सांधे ताणतात. तीच बोट गार पाण्यात उतरवली की सैल पडते, म्हणून पाण्यात गेल्यावर पुन्हा हात लावून बघायचं आणि कमी वाटली तर पंप मारायचा. पुराच्या गडबडीत हे राहून जातं. सैल बोट मधोमध वाकते आणि इंजिन लावलेलं असलं तरी तिला धड पुढे जाता येत नाही.

मग ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर. बचाव पथकातले सगळे बोटीच्या इंजिनाला ओबीएमच म्हणतात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरची हवेची चावी उघडायची, नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, गिअर न्यूट्रलला आहे ना बघायचं, चोक ओढायचा आणि मग दोरी. या सगळ्याच्या आधी लाल दोरी मनगटाला. चालवणारा पाण्यात फेकला गेला तर ही दोरी इंजिनच्या स्विचमधून निसटते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते, फिरत्या पंख्यासकट. रिक्षावाले काका पहिल्यांदा इंजिनवर बसले तेव्हा त्यांचे हात दर वळणाला अडत होते. बोटीचं हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते, आणि त्यांच्या अंगात वर्षानुवर्षांची रिक्षा. सुभेदारसाहेबांनी त्यांना दुपारपर्यंत दुसरं काहीच दिलं नाही. फक्त दोन बोयांमधून आठाचा आकडा. संध्याकाळी काका बोट इतकी अलगद काठाला लावत होते की पुढे बसलेल्या नर्सला काठ लागल्याचं कळलंही नाही.

आता माणूस वर घेण्याचा भाग, कारण मला तोच सगळ्यात जास्त शिकवून गेला. एकजण जॅकेट घालून पाण्यात. वाहत्या पाण्यात त्याच्याकडे नेहमी खालच्या अंगाने जायचं, नाक प्रवाहाकडे करून. मग इंजिनच्या जोरावर बोट एका जागी धरता येते. वरून खाली आलात तर प्रवाह बोटीला त्याच्या अंगावर ढकलतो. धरणात प्रवाह नाही, तिथे वाऱ्याचा हाच हिशेब. माणूस हाताला लागण्याआधी इंजिन न्यूट्रलला, आणि हे पुढचा सांगतो. इंजिनच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून सगळं हातांनी: तळहात आडवा म्हणजे हळू, मूठ वर म्हणजे न्यूट्रल. मूठ दिसली की मागच्याने विचार करायचा नाही, गिअर सोडायचा.

मग पुढचा गुडघे बोटीच्या फुगलेल्या कडेला टेकवून बसतो, बुडणाऱ्याला वळवून त्याची पाठ बोटीकडे घेतो. समोरासमोर घेतलं तर घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो. जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही मुठींत. एकदा किंचित खाली दाबायचं, पाणी त्याला वर उसळवतं, आणि त्याच उसळीला धरून स्वतः मागे आडवं व्हायचं. हाताच्या ताकदीने उचलायला गेलात तर ओला माणूस हलत नाही. मी पुढे बसून एका कॉलेजच्या मुलाला आत घेतला, तेव्हा तो माझ्या पोटावर येऊन पडला आणि दोघंही बोटीच्या तळाशी. नर्सबाई शेजारच्या बोटीतून ओरडल्या, "ताई, अगदी असंच! आता त्याला कुशीवर घ्या!" त्यांचं बरोबर होतं. आत घेतला म्हणजे संपलं असं नाही; श्वास बघायचा, पाणी येत असेल तर कुशीवर.

संध्याकाळी भाऊ मला गंगेवर घेऊन गेला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागलं यावरून अख्खं शहर पूर मोजतं. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये येतो. १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. २ ऑगस्ट २०१६ ला पाणी घाट सोडून बाजारात शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. पुढच्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तीच तारीख, तोच पावसाळा, आणि घाटावर मावणार नाही एवढी माणसं. हे स्वयंसेवक त्या दिवसासाठी आजपासून पंप मारताहेत, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पुराच्या मुख्य धारेत पूल आणि दगडी पायऱ्यांमधून बोट घालणं म्हणजे बोट गमावणं. तिचं काम असतं सराफ बाजाराच्या आणि भांडी बाजाराच्या गल्ल्यांत, जिथे पाणी संथ पण गढूळ. खाली स्कूटर, हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्या. तिथे इंजिन वर उचलून वल्ह्यांवर जायचं आणि पुढच्याने बांबूने तळ चाचपायचा.

रविवारी आम्ही निफाड तालुक्यात, चांदोरी-सायखेड्याकडे गेलो. वरून गोदावरीचं पाणी, त्यात दारणेचं, आणि खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणून इथे पूर लवकर चढतो आणि रेंगाळतो. चांदोरीच्या नदीपात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत, पाणी उतरलं की दिसतात. इथली माणसं त्या कळसांची जागा पाठ ठेवून आहेत, कारण पुरात त्यांच्यावरून बोट जाते आणि पंखा कळसाला लागला की संपलं.

इथे सायखेड्याच्या बागायतदाराने सूत्रं हातात घेतली. आम्हाला आपल्या द्राक्षबागेत नेलं, पाणी नसताना. लोखंडी अँगलच्या रांगा, त्यांवर ताणलेल्या तारा, डोक्याच्या उंचीवर. "पूर आला की हे सगळं पाण्याखाली जातं. वरून नुसतं पाणी दिसतं. अँगलचं टोक बोटीचं पोट फाडतं आणि तार पंख्याला गुंडाळते," तो म्हणाला. प्रत्येक बागेच्या कडेला कोणती विहीर, कोणती विजेची डीपी, तारा कुठून कुठे, याचा नकाशा त्याने वहीत काढून ठेवलाय. सुभेदारसाहेब ती वही उघडून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "या पट्ट्यात पुढे हाच बसणार. बाहेरून आलेल्या कोणीही नाही."

मला हेच सांगायचं आहे. मोठी पथकं पुण्याहून, धुळ्याहून येतात, ती येतीलच, त्यांचं कौशल्य मोठं आहे. पण कोणत्या बागेत तार कुठे आहे हे त्यांना पाण्यावरून कळणार नाही. ते गावच्या माणसालाच ठाऊक, आणि त्या माणसाला बोटीच्या नाकावर बसायची सवय आधीपासून लावावी लागते. बोटी विकत घेता येतात. पुढे बसणारा गावात घडवावा लागतो, पाणी चढायच्या आधी.

दुपारी पानवेलींत सराव झाला. नदीवर हिरवा थर पसरलेला, बोट आत शिरली की इंजिनचा आवाज जड होतो. लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, मग वर उचलायचं, पंख्यातली वेल हाताने सोडवायची, आणि तेवढा वेळ पुढच्याने वल्ह्याने नाक प्रवाहाकडे धरून ठेवायचं. जाळी टाकणाऱ्या दोघांनी हे इतक्या झटपट केलं की बाकीच्यांनी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.

पुढचं ट्रेनिंग रात्रीचं आहे, डोक्यावरच्या टॉर्चवर, हातांच्या खुणांऐवजी शिट्टीवर. मी नाव दिलंय, पुढच्या जागेसाठी. अलिबागहून दोन पोरं सोबत आणतेय. दोघंही मच्छीमारांच्या घरातली, आणि आमच्या किनाऱ्यावरचे खडक त्यांना पाठ आहेत. तुमच्या गावावरून नदी जात असेल आणि दर पावसाळ्यात घाबरवत असेल, तर पोहता येणारी चार माणसं आणि पाण्याखाली काय आहे हे जाणणारं एखादं जुनं माणूस शोधून ठेवा, आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन बोटीचं ट्रेनिंग कधी आहे ते विचारा.