साथीच्या काळात पुढाऱ्यांकडून उत्तर काढताना: बेळगाव सीमाभागातला माझा अनुभव

गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेली वाक्यं येतात. परिस्थिती नियंत्रणात आहे. चौकशीचे आदेश दिले आहेत. पाण्याचे नमुने पिण्यायोग्य आले आहेत. यातल्या तिसऱ्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते बहुधा खरं असतं आणि तरी लोकांना फसवतं.

साथ कळताच पहिला हुकूम वॉटरमनला सुटतो: टाकीत पावडर टाक, दुप्पट टाक. आरोग्य खात्याचं पथक त्यानंतर पोचतं आणि नमुना घेतं. क्लोरीनने जंतू मेलेले असतात, मग प्रयोगशाळा ‘पिण्यायोग्य’ लिहिणार नाही तर काय लिहिणार? त्यात नमुना घेताना नळ मिनिटभर वाहू देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे पाणी दिवसाआड, कुठे चार दिवसांनी. पाणी बंद असताना पाइप रिकामी होते आणि गटारातून गेलेल्या सैल जोडातून घाण आत ओढली जाते. ती घाण पहिल्या पाण्याबरोबर येते, आणि नेमकं तेच पाणी वाहून गेलेलं असतं. म्हणून मी अहवालाची नुसती प्रत मागत नाही. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, कोणत्या नळाचा, त्या वेळचं क्लोरीनचं प्रमाण, आणि साथ कळल्यानंतर टाकीत पहिल्यांदा पावडर टाकल्याची नोंद, हे सगळं एकाच अर्जात मागतो. नमुन्याची आणि पावडरची वेळ शेजारी ठेवली की मंत्र्यांच्या वाक्यात काय उरतं ते वाचणाऱ्याला दिसतं.

जबाबदारी टाळायला फार चतुराई लागत नाही, ती चार टेबलांवर आधीच वाटलेली असते. टाकी आणि वॉटरमन ग्रामपंचायतीचा, म्हणजे तिथल्या पंचायत विकास अधिकाऱ्यांचा (पीडीओ). योजनेची पाइपलाइन ग्रामीण पेयजल व स्वच्छता खात्याच्या अभियंत्याची. रुग्ण मोजणं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं (टीएचओ) आणि वर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं (डीएचओ). पैसे आणि आढावा जिल्हा पंचायतीच्या (झेडपी) मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा (सीईओ). आमदारांना विचारलं तर ते अधिकाऱ्यांवर ढकलतात, अधिकारी पंचायतीवर, पंचायत ठेकेदारावर, आणि ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रामदुर्ग तालुक्यातल्या मुदेनूर गावात दूषित पाण्याने माणसं दगावली, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. पण हळहळ फायलीत जात नाही. प्रत्येक टेबलाला नियमाने जो कागद ठेवावाच लागतो तो त्याच टेबलावरून मागायचा, अशी माझी पद्धत आहे.

पंचायतीपासून सुरुवात करतो, कारण तिथला हिशेब कुणालाही करता येतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. नेहमीच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर हा मापाचा आकडा. गावची टाकी ५० हजार लिटरची असेल आणि रोज एकदा भरत असेल तर दिवसाला १२५ ग्रॅम, वर्षाला सुमारे साडेपंचेचाळीस किलो. म्हणजे २५ किलोच्या जवळजवळ दोन पिशव्या. पंचायतीच्या खरेदीत वर्षाची एकच पिशवी दिसली तर अर्धं वर्ष टाकीत काही पडलेलं नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. उलट दोन पिशव्या एकदम घेतल्या असतील तरी प्रश्न उरतोच. उघडी पिशवी दमट खोलीत पडली की क्लोरीन उडून जातं आणि शेवटी वॉटरमन चुन्याची भुकटी ओतत राहतो. म्हणून खरेदीचं बिल, साठा रजिस्टर, टाकी धुतल्याच्या तारखा आणि क्लोरीन तपासणीची वही, अशा चार गोष्टी.

क्लोरीन आपल्यालाही तपासता येतं. क्लोरोस्कोप या तपासणी संचाच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो दहा सेकंदांच्या आत वाचायचा, उशिरा वाचला तर पाण्यातल्या इतर घटकांशी जोडलं गेलेलं, कमजोर क्लोरीनही मोजलं जातं आणि आकडा फुगतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे मोकळं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि ते टाकीखाली नाही तर गल्लीच्या शेवटच्या नळाला. तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. पुरावा म्हणून तो कच्चा आहे, पण ‘त्या दिवशी कोणी तक्रारच केली नव्हती’ हे वाक्य तो बंद करतो.

तक्रार साथीच्या पहिल्या दिवशीच लेखी द्यायची. निवेदन मराठीत देता येतं. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आहे. टेबलावरचा माणूस ‘कन्नडात आणा’ म्हणाला तर मी भांडत बसत नाही. मराठी निवेदनामागे कन्नड प्रत जोडतो आणि दोन्हींवर शिक्का व आवक क्रमांक घेतो. एक प्रत आमदारांना आणि एक पालकमंत्र्यांना स्पीड पोस्टाने, पोचीसकट. त्यांच्या ऑफिसात हातोहात दिलेल्या कागदाची पोच सहसा मिळत नाही, आणि पोच नसली की पुढे ‘माझ्यापर्यंत आलंच नाही’ हे उत्तर तयार असतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र कलम ३५० लागू पडत नाही. २००५ च्या कायद्याचं कलम ६(१) इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हणतं. बेळगावात म्हणजे कन्नड. मराठीत केलेला अर्ज परत आला तर महिना फुकट जातो, आणि साथीत महिना म्हणजे सगळं संपलं. भाषेचा हक्क मागायची जागा दुसरी आहे, इथे कागद हवा आहे. मी मसुदा मराठीत करतो आणि कन्नड येणाऱ्याकडून उतरवून घेतो. कर्नाटकच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. बीपीएल कार्डाची प्रत जोडली तर फी नाही. प्रतीचे पानाला दोन रुपये. ऑनलाइन पोर्टलही आहे, पण पंचायत पातळीला मी कागदच पसंत करतो.

‘गावात साथ का आली?’ असं लिहिलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. ‘का’ हा शब्द अर्जातून काढून टाकायचा. माझा मसुदा साधारण असा असतो: “अमुक गावातील अतिसाराच्या उद्रेकाबाबत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या खालील कागदांच्या प्रती द्याव्यात. उद्रेक तपासणी अहवाल. रुग्णांची यादी, नावे वगळून, फक्त वय, लिंग, गल्ली, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि दाखल केलेले रुग्णालय. पाणी नमुन्यांचे अहवाल, नमुना घेतल्याच्या वेळेसह. जिल्हा सर्वेक्षण कक्षाला पहिला अहवाल पाठवल्याची तारीख.” नावं मागितली की खासगी माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(जे) पुढे येतं आणि सगळी यादी अडते. नावांची गरजही नसते. गल्ली आणि तारीख मिळाली की नकाशावर टिंबं ठेवता येतात, आणि ती कोणत्या व्हॉल्व्हच्या खाली जमतात ते दिसतं.

पहिला अहवाल पाठवल्याची तारीख ही बारीक गोष्ट वाटते, पण तिथेच बरंच काही सापडतं. आरोग्य सेविका, डॉक्टर आणि प्रयोगशाळा या तिघांच्या नोंदी एस, पी आणि एल या फॉर्ममध्ये रोग सर्वेक्षणाच्या सरकारी पोर्टलवर चढतात. सेविकेने सोमवारी पाच जुलाबाचे रुग्ण भरले असतील आणि पथक शुक्रवारी आलं असेल, तर मधले चार दिवस कुणाच्या टेबलावर गेले ते विचारता येतं. बहुतेक वेळा सेविकेने आपलं काम केलेलं असतं. राग तिच्यावर काढू नये, आणि पुढाऱ्यांना तो तिच्यावर काढूही देऊ नये.

आता पुढाऱ्यांपर्यंत पोचायचं कसं? वरचे सगळे कागद कर्मचाऱ्यांचे आहेत आणि शेवटी वॉटरमन निलंबित होऊन प्रकरण मिटतं. इथे केडीपी, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाची, बैठक उपयोगी पडते. तालुक्याची केडीपी आढावा बैठक आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते, जिल्ह्याची पालकमंत्र्यांच्या. त्यात आरोग्य आणि पाणी या दोन्ही खात्यांचा आढावा असतो. तिचं इतिवृत्त तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडे (ईओ) आणि जिल्हा पातळीला झेडपीत मिळतं. मागच्या वर्षभराची इतिवृत्तं, हजेरीपत्रक आणि खात्यांनी सादर केलेली टिपणं मागवावीत. गळकी पाइप किंवा अर्धवट राहिलेली ‘मनेमनेगे गंगे’ या घरोघरी नळ योजनेची जोडणी तिथे वाचली गेली असेल, तर अध्यक्षांना माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. वाचली गेली नसेल, तर आढावा कसला घेतला हा प्रश्न. बैठकच झाली नसेल तर तेही लेखी घ्यावं. माझ्या मते सीमाभागातल्या सगळ्या मोर्चांपेक्षा हा एक कागद पुढाऱ्यांना जास्त बोचतो.

मोर्चांना विरोध नाही. पण आपल्याकडे आरोग्याचा प्रश्न लगेच सीमेचा होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा दोन्हीकडचे नेते आठवडाभर बोलले. उपचाराच्या पैशांवर बोलणं सोपं, गटारातल्या पाइपवर कोणी बोलत नाही. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, व्हॉल्व्ह बदलायला त्याच्या निकालाची वाट बघायचं कारण नाही.

सीमेमुळे खरा गोंधळ होतो तो मृत्यूच्या आकड्यात. निपाणी-चिकोडीकडचा रुग्ण कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मिरजेला नेतात. तिथे तो दगावला तर मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, १९६९ च्या कायद्याने. गावच्या रजिस्टरात ओळ नाही, जिल्ह्याच्या अहवालात शून्य, आणि मंत्री सांगतात एकही बळी नाही. म्हणून घरच्यांना दवाखान्यातून निघण्याआधी कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, वाचायला सांगतो. त्यात वर तात्कालिक कारण आणि खालच्या ओळींत मूळ कारण असतं. वर ‘मूत्रपिंड निकामी’ लिहून खाली अतिसार लिहिला नाही, तर तो मृत्यू साथीचा म्हणून कधीच मोजला जात नाही. डॉक्टरांना तिथल्या तिथे विनंती करावी, नंतर दुरुस्ती फार अवघड. त्या दवाखान्याकडची आकडेवारी हवी असेल तर महाराष्ट्राच्या नियमांनी अर्ज करावा. तो मराठीत चालतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तालुक्याप्रमाणे रुग्ण आणि मृत्यूंची संख्या मागावी, नावं नकोत.

नोंद नसली की वरच्या सभागृहातही काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. २० जुलै २०२१ ला केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं की कोविडमध्ये ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. मे महिन्यात कर्नाटकातल्याच चामराजनगरच्या रुग्णालयात ऑक्सिजन तुटून रुग्ण दगावल्याचं ताजं असताना. कागदाच्या हिशेबाने वाक्य बरोबर होतं, कारण तसा रकानाच कोणी भरला नव्हता. बेळगावातही त्याच वर्षी १७ एप्रिलला, दुसरी लाट चढत असताना, लोकसभेची पोटनिवडणूक झाली. प्रचाराला सगळे आले होते.

बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा उपयोग करावा. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच आमदारांना, आपल्या नव्हे तर दुसऱ्या पक्षाच्या, प्रश्नाचा तयार मसुदा द्यावा. एकच मुद्दा, भाषण नाही, जोडीला मिळालेले कागद. लेखी उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहतं. मंत्र्यांनी ‘कारवाई करू’ म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि सरकारी आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा होतो. पत्रकार परिषदेतल्या शब्दाला असा मागोवा नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पंचायतीचं असेल तर तालुका पंचायतीच्या ईओंकडे. उशिराची माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे. आयोगाचं खंडपीठ बेळगावातही असल्याने बंगळूरची खेप वाचते. सुनावणीला मूळ अर्ज, पोच, आणि काय मिळालं व काय नाही याचा एका पानाचा तक्ता न्यावा. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, आणि तो माहिती अधिकाऱ्याला होतो, मंत्र्याला नाही. म्हणून दंडावर जोर देण्यापेक्षा ‘कागद नाही’ असं उत्तर असेल तर तो का नाही याचं प्रतिज्ञापत्र मागावं. क्लोरीनची वही नाहीच, असं सहीनिशी आलं, की लोकायुक्तांकडच्या तक्रारीला जोडायचा पहिला कागद तोच. ती तक्रार ठरलेल्या नमुन्यात आणि शपथपत्रासह द्यावी लागते.